मिस्टर टॉलिव्हरांचा कॉफीचा डबा

मिस्टर टॉलिव्हरांच्या पलंगाखाली कॉफीचा एक डबा असतो. तो आज ना उद्या पेट घेईल, ही धास्ती ईस्टरपासून माझ्या मानगुटीवर बसली आहे. घेवडा निवडताना, मुलांचे पेपर तपासताना, चर्चमध्ये डोळे मिटल्यावरसुद्धा मला तो डबाच दिसतो. त्यांच्या आणि माझ्या घराच्या मध्ये फक्त एक अंजिराचं झाड आहे. मी दिवसातून दहा वेळा त्यांच्या छपराकडे बघते. यंदा जूनमध्येच आमचं कॉट्रेल गाव तव्यासारखं तापलं आहे, आणि त्या डब्याला नेमकं ऊनच सोसत नाही.

डब्यात सिनेमाच्या जुन्या फिल्मचा तुकडा आहे, वीस-पंचवीस हात लांब. जुनी फिल्म म्हणजे बंदुकीच्या दारूची सख्खी बहीण, असं माझी मुलगी जोनेट्टा म्हणते. तिला कळतं त्यातलं. शिकागोत ती त्याच कामावर आहे. जुन्या फिल्मवरची चित्रं नव्या, न पेटणाऱ्या फिल्मवर उतरवून घ्यायची. ईस्टरला ती घरी आली, मिस्टर टॉलिव्हरांना भेटायला गेली, आणि खोलीत पाऊल टाकताच नाक वर करून उभी राहिली.

"आई, हा वास कसला येतोय?"

"म्हाताऱ्या माणसाच्या खोलीला वास येतोच गं."

"हा माणसाचा वास नाही."

तिने पलंगाखाली वाकून डबा बघितला आणि झाकण न उघडताच मागे सरली. मग जे झालं ते सांगायच्या आधी मिस्टर टॉलिव्हर कोण ते सांगायला हवं.

त्यांना 'मिस्टर' म्हणणं हा आमच्या काळ्यांच्या वस्तीतला नियमच आहे. गोऱ्या लोकांनी त्यांना पन्नाशीपर्यंत 'पोऱ्या' म्हटलं आणि पन्नाशीनंतर एकदम 'अंकल'. मधला 'मिस्टर' त्यांच्या तोंडातून कधी बाहेर पडला नाही, म्हणून तो आम्ही भरून काढतो. आई सांगायची, त्यांची बायको आयडेलासुद्धा चारचौघांत त्यांना मिस्टर टॉलिव्हरच म्हणायची. घरात काय म्हणायची ते तिचं तिला ठाऊक.

अठराव्या वर्षी ते पामेटो थिएटरात झाडू मारायला लागले आणि वर्षभरात मशीनच्या खोलीत रिळं गुंडाळायला. खेळ संपला की रीळ उलटं झालेलं असतं, शेवट बाहेर आणि सुरुवात आत. ते हाताने दुसऱ्या चाकावर फिरवून सुरुवात पुन्हा बाहेर आणायची, हे त्यांचं काम. मशीन चालवणारा गोरा. तो आला की मिस्टर टॉलिव्हरांनी खोलीबाहेर व्हायचं. सिनेमा बघायचाच असेल तर बाकी सगळ्यांसारखा बाजूचा जिना चढून वरच्या बाल्कनीत.

आणखी एक काम होतं. मॅनेजर स्ट्रिकलंड दुपारी एकटा बसून नवं पिक्चर तपासायचा. पडद्यावर आमची माणसं मोलकरीण होऊन किंवा कुणाच्या पेट्या उचलत आली तर चालायची. तीच माणसं रेशमी कपडे घालून गायला लागली की खालून हाक यायची, "पोऱ्या, हे उडव!" कात्री मिस्टर टॉलिव्हरांच्या हातात. पिक्चर पुढच्या गावाला जाताना तो तुकडा परत जोडून द्यायचा. पण रात्री खेळ सुटला, आम्ही जिना उतरून आलो की ते खाली हात पुसत उभे असायचे. "थांबा जरा, काय कापलंय ते ऐकून जा." मग ते बाईने कसला झगा घातला होता, ती कशी वळली ते सांगायचे आणि दाराआडून ऐकलेलं गाणं म्हणून दाखवायचे. आवाज बेताचाच. पण आमच्यातली निम्मी माणसं पिक्चरपेक्षा त्या जिन्याखालच्या खेळासाठीच यायची.

आयडेला मात्र कधी आली नाही. ती गोऱ्यांच्या घरचे कपडे इस्त्री करायची, आणि तिची जीभही तिच्या इस्त्रीइतकीच गरम होती. त्या दोघांचं बोलणं आमच्या ओसरीवर किती वेळा नकलून झालं असेल.

"एकदा ये तरी पिक्चरला."

"कुठल्या वाटेनं येऊ?"

"बाजूचा जिना आहे की."

"ती शिडी कोंबड्यांना. मी पुढच्या दारानं येईन."

"पुढच्या दारानं तुला कोण सोडणार?"

"मग पिक्चर थांबेल माझ्यासाठी. मला कुठं घाई आहे?"

अजूनही आमच्याकडे कुणाला फार वेळ लावायचा असला की म्हणतात, 'पिक्चर थांबेल माझ्यासाठी.'

अडतीस सालच्या ऑक्टोबरात एक फिरता कॅमेरावाला गावात आला. गावागावांतून तो तिथल्याच माणसांची चित्रं घ्यायचा आणि पंधरवड्याने ती तिथल्याच थिएटरात दाखवायचा. गोऱ्यांची शाळा, बँक, बंबवाले घेऊन झाल्यावर त्याच्या डोक्यात आलं, की बाल्कनीही भरली तर बरं. म्हणून एका रविवारी तो आमच्या चर्चच्या दारात यायचा होता. आमच्या चेहऱ्यांवर उजेड पडावा म्हणून समोर पांढरी चादर ताणून धरायला त्याला माणूस हवा होता. स्ट्रिकलंडने मिस्टर टॉलिव्हरांना पाठवलं.

आयडेला सकाळी चुलीपाशी होती. म्हणाली, "सहा दिवस त्याचे. सातवा देवाचा. त्या दिवशीसुद्धा गोऱ्याची चादर धरायची?"

"आपलीच माणसं पडद्यावर येणार आहेत, डेला."

"येतील. बघायला मात्र शिडी चढायची." आणि मग म्हणाली, "जा तू. पण आज मला तोंड दाखवू नकोस."

ते गेले. दोन्ही हात वर करून चादर धरून उभे राहिले. त्यांना फक्त कापड दिसत होतं, पलीकडून माणसांचे आवाज येत होते. त्याच दुपारी आयडेला कापूस वेचायला मदत म्हणून आपल्या आईकडे खेड्यावर निघून गेली. तिथे तिला ताप भरला. जिल्ह्याच्या दवाखान्यात आमच्या लोकांसाठी दोन खाटा होत्या आणि दोन्हीवर माणसं होती. तिला व्हरांड्यात ठेवलं. मिस्टर टॉलिव्हर पोचले तेव्हा तिच्या अंगावर चादर ओढलेली होती. ती चोवीस वर्षांची होती.

पुढच्याच आठवड्यात फिरत्या कॅमेरावाल्याची फिल्म आली. स्ट्रिकलंडने दुपारी ती बघितली आणि खालून ओरडला, "चर्चचा भाग उडव, पोऱ्या. संध्याकाळच्या खेळाआधी. हा परत जोडायचा नाही, फेकून दे." मिस्टर टॉलिव्हरांनी तो भाग कापला आणि जेवणाच्या डब्यातून घरी आणला.

तेव्हापासून तो कॉफीच्या डब्यात आहे. मशीनवर तो पुन्हा कधी चढला नाही. ते फक्त फिल्मचं बाहेरचं टोक धरून खिडकीच्या उजेडात एकेक चौकट बघत. एवढं आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं. तुकड्यात आयडेला आहे, हेही. पण त्यांनी तो कुणाला हाताळू दिला नाही.

चौसष्ट सालच्या उन्हाळ्यात आम्ही पामेटोच्या पुढच्या खिडकीपाशी रांग लावायला सुरुवात केली. तिकीट मागायचं, नाही म्हटलं की मुकाट्याने रांगेच्या शेवटी जाऊन उभं राहायचं आणि पुन्हा नंबर आला की पुन्हा मागायचं. मी तेव्हा नुकती शिक्षिका झाले होते. आठ वर्षांची जोनेट्टा माझा हात धरून होती. तिसऱ्या दिवशी स्ट्रिकलंड दारात येऊन म्हणाला, "अंकल, पाण्याचा पाइप आण." मिस्टर टॉलिव्हर बाहेर आले. त्यांनी किल्ल्यांचा जुडगा तिकिटाच्या खिडकीत ठेवला आणि रांगेच्या शेवटी, आमच्या मागे येऊन उभे राहिले.

मी म्हटलं, "मिस्टर टॉलिव्हर, नोकरी जाईल हो."

"गेलीच," ते म्हणाले. "आयडेला म्हणाली तेव्हाच या दारानं यायला हवं होतं. सव्वीस वर्षं उशीर झाला."

पुढचं दार उघडलं त्या दिवशी ते खालच्या रांगेत बसले आणि शेजारच्या खुर्चीवर त्यांनी आपली हॅट ठेवली. एका गोऱ्या पोराने विचारलं, इथे कुणी आहे का. ते म्हणाले, "येतेय." पिक्चर घोड्यांचं होतं आणि अगदीच रद्दी.

अशा माणसाला जोनेट्टा ईस्टरच्या दिवशी म्हणाली, "तुम्ही बॉम्बवर झोपताय."

"चाळीस वर्षं झोपतोय, पोरी. अजून उडालो नाही."

"मला द्या. मी नव्या फिल्मवर उतरवून आणते. तुम्हाला त्या चालताना दिसतील. हलताना!"

मला वाटलं होतं, हे ऐकून म्हातारा लहान मुलासारखा उठेल. त्यांचा चेहरा उतरला. "नको," ते म्हणाले. "हलायला नको. आहे तशी राहू दे."

तिने परोपरीने समजावलं. शेवटी चिडून म्हणाली, "मग मी बंबवाल्यांना फोन करते." बंब म्हटल्यावर मला त्या रांगांच्या दिवसांतले, आमच्या माणसांवर सोडलेले पाइपच आठवतात. मी तिला तिथेच, त्यांच्यासमोर झापलं. "तू कुणाला फोनबिन करणार नाहीस. शिकागोला राहतेस म्हणून इथल्या म्हाताऱ्यांना शहाणपण शिकवू नकोस." ती बॅग भरताना म्हणाली, "जपायचंय की जाळायचंय ते तुम्ही लोक आधी ठरवा. ठरलं की फोन कर." नऊ आठवडे झाले. तिने फोन केला नाही आणि मीही नाही. तिचा आवाज ऐकण्यासाठी मी दोनदा नंबर फिरवला आणि ती 'हॅलो' म्हणाल्यावर ठेवून दिला. हे मी कुणाला सांगितलेलं नाही.

आज संध्याकाळी मी नेहमीसारखं मिस्टर टॉलिव्हरांना ताट घेऊन गेले. घेवडा, भेंडी, मक्याचा ब्रेड. ते खिडकीपाशी बसले होते, डबा मांडीवर, झाकण उघडं. वास असा, की कुणी ओले मोजे महिनाभर पेटीत कोंडले असावेत.

"व्हर्डेल, बरं झालं आलीस. माझ्या डोळ्यांवर पडदा आलाय. तू बघून सांग, तोंड अजून दिसतंय का?"

पहिल्यांदाच त्यांनी तो तुकडा माझ्या हातात दिला. बाहेरचा वेढा पिवळा पडून चिकट झाला होता, कडेने तपकिरी भुकटी सुटत होती. मी बायबल वाचायचं त्यांचं भिंग घेतलं. पहिल्या काही चौकटी गेल्याच होत्या. मग चर्चची पायरी दिसली, आणि आयडेला. मला ती नीट आठवतही नव्हती. तोंड कॅमेऱ्याकडे, आणि हसू असं, की खांदेसुद्धा वर आलेले.

"दिसतंय," मी म्हटलं. "हसतेय."

"हं. सुरुवातीला हसते." ते खिडकीबाहेर बघत होते. "मग चादर कुणी धरलीय ते दिसतं तिला, आणि हसू जातं. मग ती पाठ फिरवते. ती शेवटपर्यंत तशीच. म्हणून म्हटलं तुझ्या लेकीला, हलायला नको. थांबलेली आहे तोवर मी पहिल्या चौकटी बघतो आणि गुंडाळून ठेवतो. हलायला लागली तर तिला थांबवणार कोण? एकदा पाठ फिरवलेली पुरे आहे मला."

हाताला चाळा म्हणून मी फिल्म पुढे उलगडत राहिले. ते म्हणाले तसंच होतं. हसू मावळलं, मान वळली, पाठ आली. ती कुणावर तरी वाकली होती. पाच-सहा वर्षांची एक पोर होती, गुडघे खरचटलेले. मी भिंग जवळ नेलं.

"ही कोण हो?"

"कोण ती? मी कधी बघितलं नाही तिकडे."

गुडघ्यावरच्या त्या जखमेचा वण अजून माझ्या पायावर आहे. मी होते ती. आईला गायनात उभं राहायचं असायचं, म्हणून चर्चच्या दारात जी हाताशी सापडेल ती बाई माझ्या वेण्या नीट करायची. मी भराभर मागे-पुढे उलगडून बघितलं. बाहेरच्या टोकाला, जिथे आयडेला हसते, तिथे माझ्या दोन्ही वेण्यांना रिबिनी होत्या, ताठ, टोकं वर. आतल्या चौकटीत एकाच वेणीला. आणखी आत डावी वेणी सगळी सुटलेली, आणि रिबीन आयडेलाच्या दातांत, टोक गालापाशी लोंबतंय.

मी पुन्हा पहिल्यापासून बघितलं. आयुष्यात एका पोरीच्या वेण्या घातल्यात मी, रोज सकाळी, तेरा वर्षं. रविवारी चर्चच्या दारात, बघायला सगळं गाव जमलेलं असताना, बांधलेली रिबीन कुणी सोडत नाही.

"मिस्टर टॉलिव्हर, हे रीळ तुम्ही गुंडाळलं होतं का?"

"त्या थिएटरातलं प्रत्येक रीळ मी गुंडाळलंय. चौतीस वर्षं. सुरुवात बाहेर."

"हे?"

ते हसले, बाईमाणसाला काय कळतंय असं. मग ते हसू तसंच राहिलं आणि डोळे मात्र दुसरीकडेच गेले. त्यांचा उजवा हात हवेत हळूहळू गोल फिरू लागला, आणि थांबला.

"वेळ कुठं होता," ते म्हणाले. "स्ट्रिकलंड जिन्यात होता. मशीनच्या खालच्या चाकावरूनच, उलटा असतानाच कापला मी. तसाच डब्यात घातला."

"म्हणजे शेवट बाहेर."

मी त्यांना रिबीन दाखवली, पण त्यांना ती दिसत नव्हती, म्हणून एकेक चौकट आतून बाहेर सांगत आणली. आता पाठमोरी आहे. आता रिबीन दातांत. आता गाठ मारली. आता माझ्या डोक्यावर टपली मारून सरळ होतेय. आता वळली.

"मी चादर धरून समोर," ते पुटपुटले. "तिला काय दिसलं असेल माझं?"

"वर दोन हात आणि खाली बूट."

"माझे रविवारचे बूट. डाव्याला सुतळी होती." त्यांनी आपल्या पायांकडे बघितलं. "मग?"

"मग हसली."

"दात दिसताहेत?"

"फट दिसतेय, मिस्टर टॉलिव्हर."

आयडेला दातांमधली फट हाताने झाकल्याशिवाय कुणासमोर हसायची नाही, असं आई सांगायची, ते मला नंतर आठवलं. चित्रात तिचा हात खाली होता.

ते उठले, हॅट घातली, पुन्हा काढली. "चौतीस वर्षं," ते म्हणाले, "दुनियेची रिळं सरळ केली मी." मग ताटाकडे बघून म्हणाले, "भेंडी गार झाली असेल," आणि जेवायला बसले. अर्धा ब्रेड खाऊन झाल्यावर मान वर न करता त्यांनी विचारलं, "तुझी लेक अजून तेच काम करते ना?"

"करते."

"मी काही मागत नाही हं तिच्याकडे. कामात असेल पोरगी. तिच्यावर मी ओरडलो नव्हतो, तू ओरडली होतीस."

"हो. मीच."

"ते बाहेरचं टोक किती दिवस टिकेल म्हणालीस?"

मी तसं काही म्हटलं नव्हतं. मला माहीतही नाही. भुकटी बाहेरूनच आत सरकते आहे, आणि बाहेरच ती हसते आहे. पाठ शाबूत राहील. जाईल ते तोंड.

आतली वाफ कोंडू नये म्हणून डब्याच्या झाकणाला मी खिळ्याने भोकं पाडली, फिल्म पुन्हा आत ठेवून तो पलंगाखाली न सरकवता मागच्या विहिरीजवळच्या थंड कोठीत ठेवला आणि घरी आले. तेव्हापासून नुसती हिशेब करते आहे. ही वस्तू बसमध्ये घेत नाहीत, टपालाने जात नाही. जोनेट्टाला मोटारीने यावं लागेल, आणि बंदुकीच्या दारूची ही बहीण मागच्या सीटवर ठेवून या उन्हात सातशे मैल परत जावं लागेल. म्हणजे ज्या भीतीने मला म्हाताऱ्याच्या छपराकडे बघायला लावलं, तीच मी माझ्या पोरीच्या गाडीत ठेवायची. ईस्टरला मी तिच्यावर उगीच ओरडले नव्हते. बंबवाल्यांचं निमित्त होतं. तिने 'मला द्या' म्हणून हात पुढे केला, आणि मला तो हात भाजलेला दिसला.

पण तिला हे काम येतं आणि मला येत नाही. बर्फाची पेटी लागेल. पहाटे चारला निघायचं, ऊन चढलं की सावलीत थांबायचं. आणि ती एकटी जाणार नाही, मी शेजारी बसेन. पेटीवर माझा हात असेल, म्हणजे गरम होतंय की नाही ते मला कळेल. ती म्हणेल, आई, हाताने कळत नाही ते. म्हणू दे.

दोन वाजून गेलेत. शिकागोतही दोनच वाजले असतील. या वेळेला घरून फोन गेला तर पोरगी घाबरून उठेल. तेव्हा आधी तेच सांगायचं, कुणी गेलेलं नाही. मग सांगायचं, ठरलं. या वेळेला ती 'हॅलो' म्हणाली तर मी ठेवणार नाही. नंबर फिरवते.